वर्कबुकांमधील गतिमान सेल-संदर्भ : अंतर्गत गुणसंकलनाच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी ठेवण्यासाठी एक्सेलचा वापर आता सर्रास होतो. विषयशिक्षकाचे वर्कबुक स्वतंत्र असते आणि विभागप्रमुखांकडे सर्व विषयांचे एकत्रित पत्रक असते. या दोहोंना जोडणारा दुवा बहुधा 'कॉपी-पेस्ट' हाच असतो. ही पद्धती केवळ लहान कार्यालयांतच आढळते असे नाही. जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेला २०१२ मध्ये सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्यासंबंधी बँकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जोखीम मोजण्याचे काम अनेक एक्सेल पत्रकांतून चालत असून माहिती एका पत्रकातून दुसऱ्यात हाताने चिकटवावी लागत होती, अशी नोंद आहे. गुणपत्रकात डॉलर नसतात. परंतु एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाणे ही बाब त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

थेट दुवा

एकत्रित पत्रकातील सेलमध्ये बरोबरीचे चिन्ह टंकित करून दुसऱ्या उघड्या वर्कबुकमधील सेलवर क्लिक केले असता थेट दुवा तयार होतो. त्यात चौकटी कंसात फाइलचे नाव, त्यापुढे शीटचे नाव, उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता असतो. मूळ फाइल बंद केल्यावर एक्सेल त्यात फोल्डरचा संपूर्ण मार्ग आपोआप घालते आणि शेवटचे मूल्य जतन करून ठेवते. दुव्याचा हा मोठा गुण होय. मात्र पुढील सत्रात फाइलचे नाव बदलले की दुवे नव्याने जोडावे लागतात. फाइलचे नाव एका सेलमध्ये लिहावे आणि सूत्राने ते तेथून वाचावे, ही अपेक्षा येथूनच निर्माण होते.

'इनडायरेक्ट'चे कार्य व मर्यादा

मजकुराचे रूपांतर संदर्भात करणारे फंक्शन म्हणजे 'इनडायरेक्ट'. बी१ मध्ये विस्तारासह फाइलचे नाव व बी२ मध्ये शीटचे नाव असल्यास सूत्र पुढीलप्रमाणे होते :

=इनडायरेक्ट("'[" & बी१ & "]" & बी२ & "'!सी५")

(येथे सूत्र देवनागरीत दिले आहे, प्रत्यक्षात फंक्शनचे नाव व स्तंभाक्षरे रोमन लिपीत टंकित करावीत.) नावात मोकळी जागा असल्यास एकेरी अवतरणचिन्हे अनिवार्य ठरतात, म्हणून ती नेहमीच घालणे इष्ट. बी१ मधील नाव बदलताच सूत्र नव्या फाइलकडे वळते. सूत्र खाली ओढले तरी 'सी५' हा निव्वळ मजकूर असल्याने त्याचे 'सी६' होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एक्सेलमधील 'इनडायरेक्ट' केवळ उघड्या वर्कबुकमधून मूल्य आणते. मूळ फाइल बंद असताना फेरगणना झाली की 'रेफ' ही त्रुटी दिसते. संपूर्ण मार्ग लिहूनही ती टळत नाही. शिवाय पत्रकातील कोणताही बदल झाला तरी हे फंक्शन पुन्हा गणना करते, त्यामुळे हजारो सूत्रे असल्यास काम मंदावते. साठ विद्यार्थी व सहा विषय, म्हणजे ३६० सूत्रांपुरता हा दोष जाणवणार नाही.

त्रुटी दिसू नये म्हणून २००७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या 'इफएरर'ने शून्य दाखवण्याची युक्ती अनेक जण योजतात. ती घातक आहे. फाइल उघडायची राहिली एवढ्याच कारणाने संपूर्ण वर्गाला शून्य गुण पडतात, आणि खरे शून्य कोणते हे ओळखता येत नाही. 'रेफ' डोळ्यांना खुपते. पण ती खोटे बोलत नाही.

पत्ता नव्हे, ओळख

थेट दुवा मात्र निमूटपणे चुकू शकतो. समजा, उशिरा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी विषयशिक्षकाने यादीच्या मध्यभागी एक ओळ घातली. त्या वेळी एकत्रित पत्रकही उघडे असेल तर एक्सेल पत्ते सुधारून घेते. ते बंद असेल तर जुने पत्तेच कायम राहतात. नंतर दुवे अद्ययावत केले की त्या ओळीपासून खालच्या प्रत्येकाला आपल्या आधीच्या विद्यार्थ्याचे गुण मिळतात. त्रुटीचे कोणतेही चिन्ह उमटत नाही. 'इनडायरेक्ट'मधील पत्ता तर दोन्ही फाइली उघड्या असतानाही सुधारत नाही.

म्हणून सेलच्या स्थानाऐवजी विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक आधार मानावा. 'व्हीलुकअप' किंवा 'इंडेक्स' व 'मॅच' यांची जोडी त्या क्रमांकावरून गुण शोधते आणि थेट दुव्याने जोडल्यास बंद फाइलमधूनही मूल्य आणते. 'समइफ' व 'काउंटइफ' यांना ते जमत नाही. 'व्हीलुकअप'च्या चौथ्या जागी 'फॉल्स' लिहिणे विसरू नये. ते नसल्यास क्रमांक तंतोतंत न जुळताही दुसऱ्या कोणाचे गुण येऊ शकतात.

विषय मोजकेच असतील तर 'चूज' या फंक्शनमध्ये सर्व थेट दुवे ओळीने देऊन क्रमांकाने निवड करता येते. फाइली बंद असल्या तरी हे चालते. गूगल शीट्समधील 'इम्पोर्टरेंज' पत्ता मजकूर म्हणूनच घेते आणि तेथे फाइल उघडी असण्याची अट नाही. पहिल्यांदा परवानगी मात्र द्यावी लागते.

फाइलींची संख्या दरवर्षी बदलत असेल तेथे सूत्रांचा आग्रह सोडणेच श्रेयस्कर. एक्सेल २०१६ पासून अंतर्भूत असलेली 'पॉवर क्वेरी' एका फोल्डरमधील सर्व वर्कबुके न उघडता एकत्र करते. त्यासाठी सर्व शिक्षकांच्या पत्रकांत स्तंभांची शीर्षके अक्षरशः एकच असावी लागतात. एकाने 'गुण' व दुसऱ्याने 'प्राप्त गुण' लिहून चालत नाही. हे शीर्षक सत्रारंभीच्या विभागीय बैठकीत ठरवावे लागते, आणि पत्रक स्वाक्षरीसाठी छापण्यापूर्वी 'रिफ्रेश'ची आज्ञा द्यावी लागते.