नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत

परीक्षेचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, देवापुढे नारळ फुटतो आणि त्यानंतर घर जणू थबकून उभे राहते. मुलगा किंवा मुलगी केंद्र सरकारच्या सेवेसाठी निवडली गेली आहे. पण कोणत्या गावी, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. वाचकहो, तुमच्या घरी असे दिवस आले असतील किंवा पुढे येतील. त्या दिवसांत करण्याजोगे काही आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या परिचयाच्या साताऱ्यातील एका कुटुंबाची हकीकत या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. या घरची कन्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत उत्तीर्ण झाली. खाते ठरले, विभाग ठरावयाचा होता. खात्यातील जागा पाहता बडोदे, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग ही चार नावे संभवनीय वाटत होती. पहिली दोन ऐकून घरात कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या नावाला आईचा चेहरा उतरला. चौथे नाव ऐकताच आजी म्हणाली, "शिलाँग आलं तर नोकरी नको म्हणून कळवून टाक, पोरी. इथं काय उपाशी मरतेस?"

आजींचे बोलणे मायेचे होते. परंतु त्याची किंमत मोठी होती. नेमणूक नाकारली म्हणजे उमेदवारी सहसा रद्द होते, आणि तीन वर्षांचा अभ्यास वाया जातो. ज्या शहराविषयी आपल्याला नावापलीकडे काहीही ठाऊक नाही, त्याच्या भीतीने एवढा मोठा निर्णय घ्यावा काय? हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहिला.

विलंब का होतो?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की निकाल म्हणजे नेमणूक नव्हे. १९७५ साली स्थापन झालेला हा आयोग उमेदवाराची शिफारस संबंधित खात्याकडे करतो. पुढे खाते विभाग नेमून देते. मूळ कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांमार्फत चारित्र्याची पडताळणी व्हावयाची असते. या साऱ्यांत काही महिने सहज निघून जातात. विलंब झाला म्हणजे काही बिघडले, असे समजू नये.

या काळात तीन पथ्ये अवश्य पाळावीत. हातची नोकरी असल्यास नेमणुकीचे अधिकृत पत्र हाती पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. "हवे ते गाव मिळवून देतो" असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणाही मध्यस्थाला दारात उभे करू नये. बनावट हुकूम दाखवून फसविण्याचे प्रकार घडत असतात. आणि संभवनीय गावी आगाऊ घर भाड्याने घेऊन अनामत रक्कम अडकवू नये. पैसा आणि नोकरी जागेवर राहू द्यावी. पुढे जाऊ द्यावे ते केवळ आपल्या माहितीला.

चार शहरे, चार माणसे

साताऱ्याच्या त्या कुटुंबात वडिलांनी एक साधी युक्ती काढली. त्यांनी दोनशे पानी वही आणली, तिचे चार भाग केले आणि घरातील एकेका माणसाकडे एकेक शहर सोपविले. धाकट्या भावाकडे बडोदे, आईकडे हैदराबाद, स्वतःकडे कोलकाता. शिलाँग मुद्दामच आजींकडे दिले. नात त्यांना वाचून दाखवील, आणि त्या सांगतील ते लिहून घेईल, असे ठरले. प्रत्येक शहराला विचारावयाचे प्रश्न एकच होते: जावयाचे कसे, हवा कशी, पाणी कुठले, राहावयास कुठे, खर्च किती, भाषा कोणती, दुखण्याखुपण्याला सोय काय, आणि आपले म्हणावे असे तेथे कोण?

या प्रश्नांत "शहर चांगले आहे का?" हा प्रश्न नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो विचारून उपयोग नसतो, कारण शहर आपल्याला निवडावयाचे नसते. आपल्याला पाहावयाचे असते ते एवढेच की, तेथे आपला संसार कसा मांडता येईल.

भावाची वही लवकर भरली. बडोद्याशी आपले नाते जुने. १८७५ पासून १९३९ पर्यंत तेथे महाराजा सयाजीराव गायकवाडांनी राज्य केले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ पासून चालू आहे. मराठी बोलणारी घराणी तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. परंतु वहीत केवळ गौरवाच्या गोष्टी लिहून चालत नाही. विश्वामित्री नदीच्या पुराने ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, आणि त्या नदीत मगरी आहेत, हेही भावाने लिहिले. पुढे त्याने एक ओळ जोडली: "घर घेताना पुराचे पाणी कुठवर आले होते ते शेजाऱ्यांना विचारणे." ही एक ओळ दहा पाने माहितीच्या तोडीची आहे.

आईने हैदराबादची वही उघडली ती धास्तीनेच, कारण तेलुगू लिपी तिला अगदी परकी. परंतु वाचता वाचता तिला आढळले की, १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि विवेक वर्धिनीसारखी मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आहे. सोलापूरवरून गाडी थेट जाते. शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून उंच; त्यामुळे उन्हाळा कडक असला तरी मुंबईचा घाम तेथे नाही. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर बांधलेला उस्मानसागर तलाव १९२० मध्ये पुरा झाला. मोठ्या माणसाच्या नावापुढे "गारू" लावावयाचे, हेही तिने टिपून ठेवले. आपल्याकडे नावापुढे "राव" किंवा "ताई" लावतात, तसेच ते.

वडिलांना कोलकात्याची माहिती मिळविताना एक गोष्ट सापडली आणि ती त्यांनी जेवताना सर्वांना सांगितली. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. त्यांच्या भयाने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणण्यात आला, आणि "बर्गी" म्हणजे मराठे स्वार आले, असे सांगून तेथील आया आजही मुलांना निजवितात. "तेव्हा आपण तिकडे गेलो तर त्यांनी आपल्याला भ्यायचे, आपण त्यांना नव्हे," असे म्हणून ते हसले. त्याच बंगालात सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या लेखकाने १९०४ साली "देशेर कथा" हा ग्रंथ बंगालीत लिहून स्वदेशीच्या चळवळीला बळ दिले, हीही नोंद त्यांनी शेजारीच केली. व्यवहाराचीही टिपणे होती. पुण्याहून हावड्याला थेट गाडी आहे. प्रवास जवळजवळ दोन रात्रींचा. देशातील पहिली भुयारी रेल्वे १९८४ मध्ये याच शहरात सुरू झाली. त्यामुळे कचेरीपासून थोडे दूर राहिले तरी चालेल. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. पहिले दोन दिवस चौकशीला तेथे जाता येईल.

पैशाचा हिशेब

घरभाड्याचा हिशेब आधीच मांडून पाहावा. केंद्र सरकारने शहरांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे ही आठ महानगरे येतात. बडोदे दुसऱ्या वर्गात आहे. सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रानुसार जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के झाला. हे दर वेळोवेळी बदलतात. म्हणून रुजू होताना चालू आदेश पाहावा. ईशान्येकडील राज्यांत नेमणूक झाल्यास काही विशेष भत्ते व प्रवाससवलती असतात. त्यांचे नियमही खात्याकडून समजून घ्यावेत.

मात्र भत्त्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. महानगरात भत्ता अधिक, तसे भाडेही अधिक. मुलीने प्रत्येक शहरासाठी एका खोलीचे भाडे, जेवण, रोजचा प्रवास आणि वर्षातून दोनदा घरी येण्याचे भाडे यांची बेरीज मांडली. महिन्याच्या पगारातून घरी किती पाठविता येईल, याचे उत्तर तिला त्या बेरजेतून मिळाले. तोपर्यंत सारेच अंदाज होते. आणखी एक सावधगिरी: "दोन वर्षांत बदली करून घेऊ" या भरवशावर कोणताही बेत आखू नये. अनेक खात्यांत एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली मिळणे फार कठीण असते.

आजींचे शिलाँग

आता आजींच्या वहीकडे वळू. पहिल्या पानावर त्यांनी एकच वाक्य लिहून घेतले होते: "फार लांब आहे." नातीने ते खोडले नाही, कारण ते खरेच होते. शिलाँगला रेल्वे नाही. गुवाहाटीला उतरून पुढे सुमारे १०० किलोमीटर डोंगरातील रस्त्याने जावे लागते. परंतु पुढच्या पानापासून आजींचे प्रश्न सुरू झाले. थंडी किती? शहर सुमारे १,५०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही थोडे उंच. पाऊस? भरपूर, जगात विक्रमी पावसासाठी प्रसिद्ध असलेले चेरापुंजी त्याच डोंगररांगेत. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्या बाईला त्याचे भय वाटले नाही. दिवस कधी मावळतो? घड्याळ देशभर एकच. पण शिलाँगचा सूर्य साताऱ्याच्या तासाहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. "म्हणजे कचेरी सुटते तेव्हा काळोख," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच लिहून घेतले: "खोली कचेरीजवळच पाहणे."

त्यानंतर एक दिवस नातीने त्यांना वाचून दाखविले की, तेथील खासी समाजात कुळ आईकडून चालते आणि घराचा वारसा धाकट्या मुलीकडे जातो. बाजारातील दुकानांवर बायाच बसलेल्या असतात, आणि त्यांना "कॉंग", म्हणजे ताई, म्हणून हाक मारावयाची. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाईमाणसाला तिथं मान आहे म्हण की." त्या दिवशी त्यांनी चारही शहरांतील "पाणी" हा शब्द पाठ केला. बडोद्याला पाणी, हैदराबादला नीळ्ळु, कोलकात्याला जल आणि शिलाँगला उम. शिलाँगच्या वाटेवर जो मोठा जलाशय लागतो, त्याचे नाव उमियाम. त्यातही हाच शब्द आहे, हे कळल्यावर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

तुम्ही काय करावे?

वाचकहो, तुमच्या घरीही अशी वही घालता येईल. नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक, हवामान खात्याचे आकडे आणि त्या शहराचे एखादे दैनिक, एवढी साधने पुरेत. दैनिकातील मोठ्या बातम्यांपेक्षा पाणीकपात, भाड्याच्या खोल्या आणि बसमार्ग यांच्या बारीक बातम्या वाचाव्यात. शहर खरे कळते ते तेथे. त्या शहरी राहून आलेल्या एका तरी माणसाशी बोलावे, आणि "कसे आहे?" असे न विचारता "पहिल्या महिन्यात तुम्हाला सर्वांत जड काय गेले?" असे विचारावे. शाळेत जाणारी मुले असतील तर केंद्रीय विद्यालयांची चौकशी करावी; बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांच्या मुलांसाठीच ही योजना १९६३ च्या सुमारास सुरू झाली. घरातील वडीलधाऱ्यांची औषधे तेथे कुठे मिळतील, हेही लिहून ठेवावे. आणि जवळचे एखादे शहर शक्य असल्यास पाहून यावे. पण सुखाच्या ऋतूत नव्हे. साताऱ्याचे भाऊबहीण बडोद्याला गेले ते भर मे महिन्यात. सकाळी दहाच्या बसमधून त्यांनी प्रवास केला आणि भाजीचे भाव विचारून आले.

चारांपैकी तीन शहरांची माहिती वाया जाणार, असे कोणी म्हणेल. पण ती वाया जात नाही. पाचवेच नाव निघाले तरी कोणते प्रश्न विचारावयाचे हे घराला ठाऊक झालेले असते. शिवाय देशाच्या चार कोपऱ्यांत माणसे कशी राहतात, हे एका घराला कळले, हा लाभ काय थोडा आहे?

हे लिहीत असताना साताऱ्याच्या त्या घरी हुकूम आलेला नाही. परवा आम्ही गेलो तेव्हा आजी अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. नोकरी नाकारण्याची भाषा आता त्या काढीत नाहीत. आम्हाला पाहून त्यांनी विचारले, "तुम्हाला ठाऊक असेल. शिलाँगच्या थंडीत तुळस जगते का हो? की कुंडी रात्री घरात घ्यावी लागते?"

आम्ही म्हटले, "रात्री घरात घ्यावी हेच बरे." नातीने वही उघडली आणि ते लिहून घेतले.