वेग जुळला की गिअर पडतो

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस नगरहून पुण्याला निघाली. गाडी बेडफर्ड कंपनीची, चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एसटीच्या वर्धापनदिनी या फेरीची आठवण हमखास निघते. चालकाच्या हातातल्या गिअरच्या दांड्याविषयी मात्र कुणी बोलत नाही. त्या काळच्या बेडफर्ड ओबी बसला चार गिअर असत, तेही ‘स्लायडिंग मेश’ पद्धतीचे. दांडा हलवला की दातेरी चाक स्वतःच शाफ्टवर सरकायचे आणि दुसऱ्या फिरत्या चाकात शिरायचे. दोघांचा वेग जुळला नसेल तर दातावर दात घासून खर्रकन आवाज यायचा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात ज्याचा नमुना उभा आहे, त्या सेंच्युरियन रणगाड्यालाही गिअर बदलताना वेग जुळवून देणारी यंत्रणा नव्हती. ते काम चालकाच्या हातापायांनी करायचे.

आजच्या मोटारीत हे काम यंत्र करते. नियम मात्र तोच राहिला आहे: गिअर जोर लावून पडत नाही, वेग जुळला की पडतो.

सरळ दात, तिरपे दात

दात शाफ्टला समांतर, सरळ कापलेले असले की चाक सरकवून जोडता येते. असे चाक बनवायला सोपे आणि दणकट. पण त्याचा प्रत्येक दात पूर्ण रुंदीने एकदम समोरच्या दाताला भिडतो, म्हणून ते आवाज करते. गाडी मागे घेताना येणारा ‘ऊंऽऽ’ असा सूर त्यातलाच. पुष्कळ मोटारींत रिव्हर्सचे दात अजून सरळच असतात. गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकला की तो खरखरतो, कारण बहुतेक गाड्यांत त्या गिअरला वेग जुळवून देणारे कुणी नसते.

तिरप्या दातांची, म्हणजे हेलिकल चाके एका टोकाकडून हळूहळू भिडतात. एका वेळी एकाहून अधिक दात भार वाटून घेतात, त्यामुळे गाडी शांत चालते. त्याची किंमतही असते: तिरपेपणामुळे चाक शाफ्टच्या दिशेने रेटले जाते आणि तो रेटा बेअरिंगला सोसावा लागतो. शिवाय फिरते तिरपे चाक सरकवून दुसऱ्यात घालणे अवघड. म्हणून पुढच्या गिअरची चाके कायम एकमेकांत अडकवलेलीच ठेवतात. ती शाफ्टवर मोकळी फिरत असतात. दांडा हलवला की एक कडे, म्हणजे स्लीव्ह, सरकते आणि हव्या त्या चाकाला शाफ्टशी जखडते. हाच ‘कॉन्स्टंट मेश’.

पितळी रिंगचे काम

जखडण्याआधी वेग जुळायला हवाच. त्यासाठी कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला. उघडलेला गिअरबॉक्स पाहायला मिळाला तर प्रत्येक चाकाशेजारची पितळी रिंग जरूर पाहा. आतून ती निमुळती असते आणि तिथे बारीक खाचा असतात. स्लीव्ह सरकली की ही रिंग चाकाच्या निमुळत्या भागावर दाबली जाते आणि घर्षणाने वेग सारखा होतो. तोवर ती स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. सुटलेली एसटी पकडणारा माणूस आधी तिच्या वेगाने पळतो आणि मग पायरीवर पाय ठेवतो, तसेच हे.

हिशेब पाहा. तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.४ आणि चौथ्याचे १ धरले, तर इंजिनच्या मिनिटाला २८०० फेऱ्यांवर चौथा टाकताना गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट २००० फेऱ्यांवर यायला हवा. क्लच पूर्ण दाबलेला असेल तर रिंगला फक्त तो शाफ्ट आणि क्लचप्लेट आवरायची असते. क्लच अर्धवट दाबला तर तिला इंजिनशीच झुंजावे लागते. रिंग झिजते ती अशाने. खालचा गिअर टाकताना शाफ्टचा वेग वाढवावा लागतो, म्हणून तिथे हात किंचित थांबवायचा. प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर.

गिअर टाकून झाला की दांड्यावरचा हातही काढावा. हाताचे वजन स्लीव्ह सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर येते, फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो, दोन्ही झिजतात आणि पुढे गिअर उडू लागतो. गिअरबॉक्समध्ये कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे. भलत्या तेलाने पितळी रिंगची पकड जाते. थंडीच्या सकाळी तेल घट्ट झालेले असते, तेव्हा पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीने घ्यावे.

घाटातला ट्रॅक्टर

आपल्या नगर जिल्ह्यात हे ज्ञान सर्वांत महत्त्वाचे आहे ते उसाच्या हंगामात. ऊस वाहणाऱ्या पुष्कळ ट्रॅक्टरांत अजून स्लायडिंग मेश किंवा साधा कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स असतो; सिंक्रोमेश असलाच तर मोजक्या गिअरना. डिझेल वाचवायला कुणी करंजी किंवा चंदनापुरी घाटाच्या उतारावर गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडला, तर मागच्या भरल्या ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात. चाकांचा वेग इतका वाढतो की पुन्हा गिअर टाकू म्हटले तरी दात जुळत नाहीत, नुसते खरखरतात. इंजिनचा आवर गेलेला असतो, ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो.

म्हणून उतार लागण्याआधीच ट्रॅक्टर थांबवावा, खालचा गिअर टाकावा आणि त्याच गिअरमध्ये घाट उतरावा. गाळपाच्या सुरुवातीला प्रत्येक साखर कारखान्याने आपल्या ट्रॅक्टरचालकांना एक उघडा गिअरबॉक्स समोर ठेवून हे शिकवले पाहिजे. अशा तासाभराच्या शिक्षणाने घाटात माणसे वाचतील.