हरिश्चंद्रगडाची एक दिवसाची सहल : आधी हिशोब, मग चढण

सुट्टी आली की मुले विचारतात, "कुठे जायचं?" कारखाना, हमाली, सफाई किंवा मोलमजुरीवर चालणाऱ्या घराला हॉटेलातली सहल परवडत नाही. डोंगराला पैसा थोडा लागतो. जास्त लागते ते नियोजन. घरातला महिन्याचा हिशोब आपल्या आया-बहिणी चोख ठेवतात. तसाच हिशोब उजेडाचा, पाण्याचा आणि पायांच्या ताकदीचा ठेवला, तर सारे कुटुंब एका दिवसात गड पाहून सुखरूप घरी येते. हिशोब चुकला तर अंधारात, मुलांना घेऊन, कड्याच्या वाटेवर अडकण्याची पाळी येते.

कोठे जावे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील राजूर हे गाव या सहलीचे चांगले ठाणे आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1,646 मीटर) याच भागात आहे. पण लोखंडी शिड्यांची ती खडी चढण पहिल्या खेपेला नको. राजूरहून गाडीने एक-सव्वा तासावर पाचनई गाव आहे. तेथून हरिश्चंद्रगडाची सर्वांत सोपी वाट निघते. नळीच्या वाटेचे नाव कोणी काढले तर सरळ नाही म्हणावे. ती सरावलेल्या गिर्यारोहकांची वाट आहे.

गडाची उंची 1,400 मीटरच्या वर आहे. वर उघडे गवताळ माळ, काळे कातळ आणि चारी बाजूंना डोंगर. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्यातून हा पायऱ्यापायऱ्यांचा सह्याद्री घडला, हे मुलांना जागेवर दाखवता येते.

उजेडाचा जमाखर्च

स्कॉटलंडमधले डोंगरही असेच उघड्या माळांचे. तेथील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली एक साधा हिशोब सांगितला : पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर 600 मीटर चढणीला आणखी एक तास. म्हणजे तीन किलोमीटर चाल आणि 400 मीटर चढण असेल तर 36 अधिक 40, एकूण 76 मिनिटे. पण हा हिशोब सरावलेल्या माणसाचा आहे. मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर दुप्पट वेळ धरावा.

डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस असा आखावा :

सकाळी 6 - राजूरहून निघणे
7.30 - पाचनईहून चढाई सुरू
10 - मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा
11 - कोकणकड्याकडे प्रस्थान, पाऊण तास
12.30 - जेवण आटोपून परत
दुपारी 2 - मंदिरापासून उतरणे सुरू
4 ते 4.30 - पाचनई

दीड-दोन तासांचा उजेड हातात राहतो. ती शिल्लक आहे. पाय मुरगळला, मूल दमले, तर तीच कामी येते; तारामती शिखरासाठी ती खर्च करू नये. कोकणकडा किंवा तारामती, दोन्हींपैकी एकच. आणि दुपारी 2 वाजता, राहिलेले काहीही असो, परत फिरायचे, हे घरूनच ठरवून निघावे. गाडीवाल्याशी परतीची वेळही आदल्या दिवशीच पक्की करावी.

पाणी आणि शिदोरी

मोठ्या माणसाला तीन लिटर, मुलाला दोन लिटर पाणी धरावे. चौघांचे दहा लिटर म्हणजे दहा किलो ओझे. ते सर्वांत वाटून घ्यावे. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ पुरेसे. चक्कर किंवा जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने) घालून घोट-घोट पाजावे.

गडावरच्या पाण्याबाबत एक आठवण ठेवावी. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्याच्या सहलीवर असताना दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ झटकण्यासाठी काहींनी हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून गोंधळ झाला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. आज आपली मुले कोणत्याही गडावर ताठ मानेने जातात. म्हणूनच टाक्यात साबण लावणे, पाय धुणे, खरकटे टाकणे आपल्याकडून होऊ नये. जे पाणी सर्वांचे, ते सर्वांनी राखायचे.

जपून चालावे

पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि माळावर धुके दाटते. कुटुंबाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. धुके आलेच तर पांगू नये, आहे तेथे एकत्र थांबावे. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे जाणता माणूस. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे. काठाखाली आधार नसतो. मुलांचा हात सोडू नये, काठावर फोटो काढू नयेत. कड्यांना आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कोठे जातो, कधी परततो हे घरी लिहून ठेवावे. रेंज असेल तेथून 112 किंवा 108 लावावा.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शुल्क असेल तर भरून पावती घ्यावी, प्लास्टिक परत आणावे. पाचनई आदिवासी बांधवांचे गाव आहे. वाटाड्या आणि जेवण गावातच ठरवावे आणि ठरलेल्या मजुरीत घासाघीस करू नये. घामाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवटी एक विनंती. डबे भरून देणारी आई आणि "मुलगी आहे" म्हणून घरी ठेवलेली लेक यांना मागे ठेवून सहल काढू नका. हिशोब चौघांचा करा आणि चौघेही निघा.