लढाई संपल्यानंतरची लढाई

मुलांनो, युद्धाच्या गोष्टी तुम्हाला फार आवडतात ना? शेवटी विजय होतो, तिरंगा फडकतो आणि गोष्ट संपते. पण जवान घरी आल्यावर पुढे काय होतं, याचा विचार कधी केलात?

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात नावाजलेले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय जेमतेम विशीचं! आता बॉक्सिंग कुठलं? उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक, बरं का! २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनाच कुठे पदक मिळतं? खरं आहे. म्हणून तर पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी संस्था आहेत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, अपंग जवानांना हातचं काम शिकवण्यासाठी क्वीन मेरी संस्था सुरू झाली. खडकीतच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे कुणी चाकाच्या खुर्चीतून बास्केटबॉल खेळतं, तर कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं.

काही जखमा मात्र दिसत नाहीत. फटाका वाजला की एखादा जवान दचकतो. कुणाला रात्र रात्र झोप येत नाही. आणि घर? बाबा वर्षानुवर्षं सुट्टीपुरतेच आलेले. धाकटी मुलं आईच्या पदराआड लपतात. घरातले सगळे निर्णय घ्यायची सवय आईला झालेली असते. पुष्कळ जवान तर चाळिशीच्या आतच निवृत्त होतात. मग नवी नोकरी शोधा, नवं काम शिका! एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतोच.

तुमच्या गल्लीत असे फौजी काका असतील, तर "किती शत्रू मारलेत?" असं विचारू नका. "बर्फात जेवण कसं शिजवायचात? दोस्त कोण होते?" असं विचारा. ते गप्प राहिले, तर तुम्हीही नुसते शेजारी बसा. दिवाळीत त्यांच्या दाराशी सुतळी बॉम्ब नको.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. तो निधी माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी असतो. यंदा छातीवर तो छोटा ध्वज लावाल, तेव्हा खाऊच्या पैशातले थोडे त्या डब्यात टाकाल ना?