पीएच.डी. म्हणजे काय शिकायचं? लेखांक ६ : उत्तर मिळाल्यानंतरचं वर्ष

मागच्या लेखांकात आपण प्रवेशाचा मार्ग पाहिला. जीवरसायनशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर द्यायची सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिपची परीक्षा, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा आणि या सगळ्यांनंतरची मुलाखत. आता विद्यार्थी आणि त्यांचे पालक हमखास विचारतात तो प्रश्न घेऊ. आत गेल्यावर पाच वर्षं नेमकं करायचं काय?

कागदावरचं उत्तर सोपं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात. त्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क करायचं, दर सत्रात सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडायची आणि शेवटी थिसिस लिहून व्हायवा द्यायची. यातलं कोर्सवर्क लवकर उरकतं. उरलेल्या काळात जे शिकायचं असतं त्याचा पेपर कुणी काढत नाही. आपल्याच हाताला लागलेल्या निष्कर्षावर शंका घ्यायची आणि ती शंका प्रयोगानं फेडायची, हे ते शिक्षण. ते कसं घडतं हे मला एका विद्यार्थिनीच्या कामातून दाखवायचं आहे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज त्या कामाला स्वतंत्र जागा आहे आणि ते सुरू झालं तेव्हा ती पीएच.डी.च्या पहिल्या टप्प्यात होती.

कॅरल ग्रायडर यांचा जन्म १९६१चा. लहानपणापासून डिस्लेक्सियामुळे स्पेलिंग त्यांना जड जायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत पदवीला असतानाच त्या प्रयोगशाळांमध्ये काम करू लागल्या. गुण उत्तम होते, शिफारसपत्रं भक्कम होती, पण जीआरई परीक्षेचे आकडे कमी पडले. अनेक विद्यापीठांकडे अर्ज केले, तरी मुलाखतीला बोलावलं ते कॅलटेक आणि बर्कली या दोघांनीच. त्यांनी बर्कली निवडलं आणि मे १९८४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता. पेशी विभागते तेव्हा डीएनएची प्रत काढावी लागते. ती काढणाऱ्या डीएनए पॉलिमरेज या विकराला कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही, त्याला आधी आरएनएचा एक छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो. शिवाय तो एकाच दिशेनं पुढे सरकतो. काम झाल्यावर प्रायमर काढून टाकला जातो आणि मधल्या रिकाम्या जागा भरल्या जातात. पण अगदी टोकाच्या प्रायमरची जागा भरायला मागे आधारच उरत नाही. म्हणजे प्रत्येक विभाजनात गुणसूत्राचं टोक थोडं थोडं तोकडं व्हायला हवं. जीवाणूंचं गुणसूत्र बहुधा वर्तुळाकार असतं, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. आपली गुणसूत्रं मात्र सरळ आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रशियात अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह आणि अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनी, एकमेकांशी संबंध न येता, ही अडचण मांडली होती.

ब्लॅकबर्न यांनी येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे काम करताना टेट्राहायमिना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांची टोकं वाचली होती. टोकावर टीटीजीजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. ते काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे जॅक शॉस्टॅक यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत हीच टोकं यीस्टच्या पेशीत घातली, तर यीस्टनं त्यांच्यावर आपली स्वतःची अक्षरं जोडलेली दिसली. त्यामुळे टोकावर नवी अक्षरं जोडणारं एखादं अनोळखी विकर पेशीत असावं, असा तर्क पुढे आला. ते विकर परीक्षानळीत पकडायचं हे ग्रायडर यांचं काम ठरलं.

काम कोणत्या जीवावर करायचं, हा जीवरसायनशास्त्रात पहिला निर्णय असतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे ९२ टोकं. टेट्राहायमिनाच्या मोठ्या केंद्रकात मात्र लहान लहान गुणसूत्रांच्या इतक्या प्रती असतात की टोकं हजारोंनी मोजावी लागतात. त्यातही दोन पेशींच्या संयोगानंतर नवं मोठं केंद्रक तयार होत असताना ही टोकं नव्यानं बनतात. जिथे काम जास्त तिथे कामकरी जास्त, या हिशेबानं त्यांनी नेमक्या त्या अवस्थेतल्या पेशींचा अर्क वापरला.

सुरुवातीचे महिने हाती काही लागलं नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. टीटीजीजीजीजी चार वेळा लिहिलेला, २४ अक्षरांचा कृत्रिम डीएनए तुकडा प्रायमर म्हणून घेतला. त्यात पेशींचा अर्क, डीएनए घडवायला लागणारे टी आणि जी हे दोन घटक घातले आणि त्यातल्या जी ला किरणोत्सारी खूण लावली. कुणी अक्षरं जोडलीच तर लांब झालेले तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे होणार आणि वर ठेवलेल्या एक्स-रे फिल्मवर काळे पट्टे उमटणार. २५ डिसेंबर १९८४ला, नाताळच्या सुट्टीच्या दिवशी, ग्रायडर प्रयोगशाळेत गेल्या आणि फिल्म धुतली. फिल्मवर शिडीसारखे एकावर एक पट्टे होते आणि दर दोन ठळक पट्ट्यांमधलं अंतर सहा अक्षरांचं होतं.

सांगणारे बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात. माझ्या मते पीएच.डी.चं खरं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. हा शोध ‘सेल’ या नियतकालिकात छापून आला डिसेंबर १९८५ मध्ये, म्हणजे फिल्म धुतल्यानंतर जवळजवळ वर्षानं. त्या निबंधावर नावं दोनच आहेत, ग्रायडर आणि ब्लॅकबर्न. त्यात मांडलेले प्रयोग एकेक करून पाहिले की मधल्या वर्षात काय झालं ते कळतं.

पहिली शंका अशी : हे नेहमीच्याच डीएनए पॉलिमरेजचं काम नसेल कशावरून? म्हणून त्या पॉलिमरेजला रोखणाऱ्या परिस्थितीत प्रयोग केला. अक्षरं जोडली जातच राहिली. दुसरी शंका : अर्कातच टेट्राहायमिनाचा स्वतःचा डीएनए आहे, त्याचीच तर नक्कल होत नसेल? त्या डीएनएवर ही क्रिया अवलंबून नाही हे दाखवलं. तिसरी : कोणताही डीएनए तुकडा घातला तरी असंच होत असेल तर? म्हणून उलट धाग्यावरचा, सीसीसीसीएए अक्षरांचा तुकडा घातला आणि टोकांशी संबंध नसलेले आणखी दोन तुकडे घातले. या तिन्हींवर अक्षरं जोडली गेली नाहीत. चौथी : हे काम प्रथिनाचंच आहे ना? अर्क तापवला, प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के घातलं आणि क्रिया बंद पडली.

पाचवी शंका सगळ्यांत कळीची होती. प्रायमरवर टीटीजीजीजीजी लिहिलेलं आहे आणि जोडली जाणारी अक्षरंही तीच आहेत. मग विकर प्रायमरवरूनच तर नक्कल करत नसेल? यावर त्यांनी यीस्टच्या टोकाचा तुकडा प्रायमर म्हणून दिला, ज्यातला अक्षरक्रम वेगळा आहे. त्यावरही टेट्राहायमिनाचीच सहा अक्षरं जोडली गेली. म्हणजे काय लिहायचं याची माहिती प्रायमरमध्ये नव्हती, विकराकडे होती.

एवढ्या एका कंट्रोलनं, म्हणजे शंका तपासायला केलेल्या जोडप्रयोगानं, शंका तर फिटलीच, शिवाय पुढचा प्रश्नही उभा केला. ही माहिती विकराजवळ असते कुठे? उत्तरासाठी आणखी दोन वर्षं गेली. १९८७च्या निबंधात त्यांनी दाखवलं की आरएनए तोडणारं विकर घातलं तर ही क्रिया मरते, म्हणजे या विकरात प्रथिनाबरोबर आरएनएही आहे. त्याच वर्षी ग्रायडर यांची पीएच.डी. पूर्ण झाली. पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे काम करताना त्यांनी तो आरएनए वेगळा केला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १५९ अक्षरांत टोकाच्या सहा अक्षरांचा साचा सापडला. हे विकर आज टेलोमरेज म्हणून ओळखलं जातं. बहुतेक कर्करोगांच्या पेशींत ते जागं असतं आणि त्यात जनुकीय दोष असला तर काही कुटुंबांत अस्थिमज्जेचे आजार होतात, त्यामुळे वैद्यकशास्त्रालाही त्याची दखल घ्यावी लागली. २००९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शॉस्टॅक यांना विभागून मिळालं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला यातून काय घेता येईल? कंट्रोल ही वस्तू त्याला नवी नाही. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बाययुरेट पद्धतीनं प्रथिनं मोजताना तो ब्लँक लावतो आणि कलरीमीटर शून्यावर आणतो. पण ब्लँकमध्ये नेमकं काय घालायचं आणि काय वगळायचं, ते का, हे त्याला क्वचित कुणी विचारतं. जर्नलमध्ये रीडिंग लिहिलं की काम संपतं. पुढे हाच विद्यार्थी एम.एस्सी.च्या डिझर्टेशनसाठी वेस्टर्न ब्लॉट करतो, एका नमुन्यात पट्टा फिका दिसतो आणि तो लिहून टाकतो की औषधामुळे प्रथिन कमी झालं. त्या खाचेत मुळात नमुनाच कमी पडला असेल तर? म्हणून त्याच ब्लॉटवर ॲक्टिन किंवा ट्यूब्युलिनसारखं, त्या औषधानं सहसा न बदलणारं प्रथिन तपासावं लागतं. आणि अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत असेल तर? ज्या पेशींत ते प्रथिन मुळातच नाही, अशा पेशींचा नमुना शेजारी चालवावा लागतो. पीसीआरमध्ये नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी ठेवतात, तीही यासाठीच. त्या नळीत पट्टा आला तर बाकीच्या सगळ्या नळ्यांवरचा विश्वास उडतो.

पुण्याच्या आयसर किंवा राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत मुलाखतीला जाल तेव्हा तुमचंच डिझर्टेशन समोर ठेवून हे विचारलं जाईल, अशी तयारी ठेवा. विकरांची नावं पाठ असणं ही सुरुवात झाली. ‘असं नसेल कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर देता येणं ही पुढची पायरी, आणि ती लेखी परीक्षेत मोजली जात नाही. अमेरिकेतल्या अनेक जीवशास्त्र विभागांनी गेल्या काही वर्षांत प्रवेशासाठी जीआरईची अट काढून टाकली, त्यामागे ही जाणीवही आहे.

एक गोष्ट गाइड आणि समित्यांसाठीही. निष्कर्ष हाती आल्यानंतरचं वर्ष विद्यार्थ्याला सर्वांत जड जातं. दर सत्रात समितीसमोर ‘नवीन काय?’ हा प्रश्न येतो आणि त्याच्याकडे दाखवायला जुनाच पट्टा असतो, फक्त अधिक कंट्रोलसह. तेवढ्यात फेलोशिपची मुदत सरत असते. २०२३पासून केंद्राची फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, पण ती पाच वर्षांपलीकडे सहसा जात नाही. २०२२च्या नियमांनी थिसिसआधी शोधनिबंध छापण्याची देशभरची सक्ती काढली. घाईचा निबंध टाळून पक्कं काम करायला त्यानं वाव मिळाला आहे. तो वाव कंट्रोलच्या कामाला मिळाला पाहिजे आणि ‘शंका फेडली’ ही प्रगती म्हणून अहवालात नोंदवली गेली पाहिजे.

पुढच्या लेखांकात गाइड आणि प्रयोगशाळा कशी निवडावी ते पाहू. तोवर एम.एस्सी.च्या वाचकांनी एवढं करावं : डिझर्टेशनच्या वहीतला आपला सर्वांत आवडता निष्कर्ष काढा, तो चुकीचा ठरू शकेल अशी तीन कारणं त्याखाली लिहा आणि प्रत्येक कारणासमोर ते खोडून काढणारा एक प्रयोग लिहा. तिन्ही रकाने भरले, तर मुलाखतीची निम्मी तयारी झाली असं समजा.