पाटी बदलली, दुकान तेच

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ती अनाठायी होती, असे आम्हांस वाटत नाही. चीनच्या २०१७ च्या कायद्यान्वये तेथील संस्थांना सरकारी गुप्तचर यंत्रणेस साहाय्य करणे भाग आहे. टिकटॉकच्या मालक कंपनीने तर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःच कबुली दिली की, तिच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील पत्रकारांची माहिती गैरमार्गाने पाहिली होती. पत्रकारांची ही गत, तेथे सामान्यांची काय कथा!

परंतु बंदीने सवय सुटली काय? पंधरवडाही उलटला नव्हता, तोच इन्स्टाग्रामच्या रील्स भारतात अवतरल्या. सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच राहिले. कोणत्या चित्रावर बोट किती क्षण थबकले, याची नोंद ठेवून पुढचे चित्र निवडण्याची किमयाही तीच. दिवेलागणीला आई जेवायला हाक मारते आणि मुलाच्या कानी ती पडत नाही, हा अनुभव पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्या घरास नाही? थोरांनीही फार तोरा मिरवू नये. चार घटकांच्या चित्रफितीसाठी किनाऱ्याच्या वाळूत मोटार घालणारे आणि पावसाळ्यात खडकांवर लाटांना पाठ करून उभे राहणारे काही शाळकरी नसतात.

चीनच्या राज्यपद्धतीचे आम्हांस कौतुक नाही. तथापि टिकटॉकच्या तेथील भावंडाने, डोऊयिनने, सप्टेंबर २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी ४० मिनिटांची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा दार बंद केले, हे नजरेआड करता येत नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची सवलत मिळाली. मुलांना अशी सवलत कोण देणार? गोव्याच्या शिक्षण खात्याने हा अवधी वाया न दवडता पालक-शिक्षक संघांच्या बैठकांतून या कायद्याची माहिती पालकांना मराठीतून व कोंकणीतून द्यावी. आपण कशास संमती देणार आहोत, हे त्यांना आधी कळले पाहिजे.