मोटारीचे पाटे आणि त्यांतील पोलाद

ज्या सभासदांच्या दारीं आज भाजी, भात किंवा दूध वाहण्यासाठीं पिकअप गाडी किंवा जुनी जीप उभी आहे, ते तिच्या इंजिनाची निगा घरच्या बैलासारखी राखतात. परंतु सर्व भार ज्यांवर तोलला जातो त्या पाट्यांकडे ते मोडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाहीं. पाटा मोडला म्हणजे जवळच्या दुकानीं नेऊन तो वेल्डिंगनें सांधून घेण्याचा प्रघात पडला आहे. नवा घेण्यापेक्षां हें स्वस्त पडतें खरें. पण असा सांधलेला पाटा भरल्या गाडीखालीं ठेवणें म्हणजे चालकाचा जीव धोक्यांत घालणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें धातूच्या स्वभावांत आहेत.

टांग्याला व घोडागाडीला ज्या कमानी असत, त्यांचाच वंश मोटारींत आला. १९४७ सालीं महिंद्र यांच्या कंपनीनें मुंबईंत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्या जीपच्या चारही चाकांवर पाटेच होते. पुढें आमच्या बोरीवलीच्या लगत कांदिवली येथें या कंपनीचा मोठा कारखाना झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील पद्मिनी मोटारीस पुढें गुंडाळीची स्प्रिंग व मागें पाटे असत. मुंबईंत या गाडीची शेवटची टॅक्सी २०२३ सालीं रस्त्यावरून गेली. आजच्या प्रवासी मोटारींतून पाटे बहुतेक नाहींसे झाले, तरी माल वाहणाऱ्या गाड्यांत ते कायम आहेत, आणि शेतकऱ्याचा संबंध त्यांच्याशींच अधिक.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं पाट्याचें पोलाद साध्या लोखंडापेक्षां कमी वांकतें. वस्तुतः सारख्या जाडीच्या व लांबीच्या दोन पट्ट्या घेऊन सारखें वजन टांगलें, तर दोन्ही जवळजवळ सारख्याच वांकतात. भेद पुढें दिसतो. वजन वाढवीत गेल्यास साधी पट्टी वांकलेलीच राहते, आणि पाटा वजन काढतांच पूर्वीच्या ठिकाणीं परततो. हा परतण्याचा गुण त्यांत दोन रीतींनीं येतो. पहिली मिश्रणाची. घरबांधणीच्या लोखंडांत कर्ब शेंकडा पाव भागाच्या आसपास असतो. पाट्याच्या पोलादांत तो अर्ध्या भागाहून कांहींसा अधिक असून त्यांत शेंकडा दीड ते दोन भाग सिलिकॉन व पाऊण ते एक भाग मँगनीज घालतात. दुसऱ्या एका जातींत सुमारें एक भाग क्रोमियम व अगदीं थोडें व्हॅनेडियम असतें.

दुसरी रीत अग्नीची, आणि आमच्या मतें खरी करामत हीच. पाटा ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल करून तेलांत बुडवितात. त्यानें तो इतका कडक होतो कीं घणाच्या घावानें काचेसारखा फुटेल. म्हणून त्यास पुन्हां ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवून फाजील कडकपणा उतरवितात. शेवटीं पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून त्याचा पृष्ठभाग दाबून घेतात; कारण तडा नेहमीं पृष्ठभागापासून सुरू होतो.

आतां वेल्डिंगनें काय होतें तें पाहावें. सांध्याच्या जागीं पोलाद वितळावें लागतें, म्हणजे उष्णता १४०० अंशांच्या वर जाते. शिवणीलगतचा भाग एकदम निवून ठिसूळ होतो, आणि त्याच्या पलीकडील भाग तापून नरम पडतो. कारखान्यानें बेतानें दिलेलें पाणी असें दोहोंकडून बिघडतें. शिवण पक्की दिसते, पण पाटा पुन्हां मोडतो तो बहुधा तिच्या शेजारीं. मोडलेला पाटा डोळे असलेला मुख्य पाटा असला, तर आंस एका बाजूस सरकतो आणि भरली गाडी चालकाच्या हातीं राहत नाहीं. द्रुतगती मार्गावर पहाटेच्या वेळीं असें झाल्यास काय होईल, तें सांगावयास नको.

नवा पाटा घेतांनाहि डोळे उघडे ठेवावे. महसूल खात्यांत असतांना नांव एकाचें व कबजा दुसऱ्याचा, असे उतारे आम्हीं पुष्कळ पाहिले. बाजारांत कांहीं पाट्यांचें असेंच असतें. टोंकाशीं कानस चालवून पाहावी. कीस भराभर निघाला तर माल परत करावा. बिल मात्र अवश्य घ्यावें. पाटा बसविल्यावर थोडी धांव झाली कीं यू-बोल्ट पुन्हां आवळावे. ते ढिले राहिले म्हणजे पाटा मधल्या भोंकाशीं तुटतो.

नव्या मोटारींत चाक धरणारे हात कोठें पोलादी पत्र्याचे, कोठें मॅग्नेशियम देऊन चिवट केलेल्या बिडाचे, तर महागड्या गाड्यांत घडीव ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश. पण असा हात खड्ड्यांत वांकला तर तो तापवून किंवा ठोकून सरळ करूं नये, बदलावाच.

गोराई, मनोरी, उत्तन या बाजूच्या सभासदांस खारी हवेचा त्रास वेगळा. गंजानें पाट्यावर बारीक खळगे पडतात आणि तेथूनच तडा जातो. खाडीकाठच्या चिखलांतून गाडी आणल्यावर खालची बाजू गोड्या पाण्यानें धुवावी. ॲल्युमिनियम व पोलाद जेथें जोडलेले असतात, तेथें खाऱ्या ओलाव्यानें ॲल्युमिनियम आधीं खाल्लें जातें.

तडा डोळ्यांस दिसत नसला तर पाटा स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावें, कांहीं वेळानें पुसून कोरडा करावा आणि वर खडूची पूड फासावी. तडा असल्यास ओली रेघ उमटते. जुन्या पाट्याचा कोयता किंवा कुऱ्हाड करून घेण्यापूर्वींहि हीच परीक्षा करावी, म्हणजे लोहाराची मेहनत फुकट जात नाहीं. त्यास एवढें मात्र सांगून ठेवावें कीं या पोलादास पाण्यांत बुडवूं नये, तें तडकण्याचा संभव असतो. तेलांत बुडवावें, आणि मग धार घासून उजळ करून हलक्या आंचेवर ती तांबूस-जांभळी दिसेपर्यंत तापवावी.